तुफानाची वर्दी

सरकारने एखादा शब्दच उच्चारावयाचा नाही असे ठरवावे आणि तो दंडक पन्नासएक वर्षे पाळला जावा, ही गोष्ट इतिहासात नवी नाही. पण तो शब्द एका वाऱ्याचे नाव असावा, हे मात्र आम्हांस एकाच देशाच्या इतिहासात आढळले. तो देश अमेरिका आणि तो शब्द 'टोर्नॅडो'. सुमारे १८८५ पासून १९३८ पर्यंत तेथील सरकारी हवामानखात्याच्या अंदाजांत हा शब्द वापरण्यास बंदी होती. वारा येत असे, घरे उडत असत, माणसे मरत असत. शब्द तेवढा येत नसे. हा शब्द कोंडून का ठेवला, तो सुटला कसा, आणि सुटल्यावर तो कोणाच्या कामी आला व कोणाच्या नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

विषय परक्या मुलखाचा आहे खरा. परंतु आज या मांडवात बसलेल्यांपैकी अनेकांची मुले, सुना, नातवंडे डलास, ओक्लाहोमा, कॅन्सस सिटी या बाजूस असतील. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा इकडे पहाट. एप्रिल-मे महिन्यांत अशा पहाटे "भोंगा वाजला आहे, आम्ही सगळे न्हाणीघरात बसलो आहोत" असा निरोप आला म्हणजे इकडच्या आईवडिलांना काही कळेनासे होते. तुफान आले तर न्हाणीघरात का बसावयाचे? त्याचेही उत्तर या इतिहासात आहे.

आधी शब्दांचा घोटाळा दूर करू. आपली वर्तमानपत्रे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना 'चक्रीवादळ'च म्हणतात. समुद्रावरून येणारे चक्रीवादळ शेकडो मैल पसरलेले असते, दोन-चार दिवस आधी दिसते, त्याचे बारसे करावयालासुद्धा सवड मिळते. टोर्नॅडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत लोंबणारी वाऱ्याची सोंड. तिची रुंदी बहुधा काही शे फूट, क्वचित मैलभर किंवा अधिक; आयुष्य बहुधा मिनिटांचे. पण तेवढ्यात, भयंकर प्रकारच्या सोंडेत, वाऱ्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. मेक्सिकोच्या आखातावरची ओलसर ऊब, रॉकी पर्वताकडची कोरडी हवा आणि उत्तरेचा गारठा ज्या सपाट मैदानावर एकमेकांना भिडतात, तेथे वर्षाकाठी हजारावर टोर्नॅडो होतात. अर्थात हे संकट केवळ त्यांचेच नाही. माणसांची सर्वांत मोठी हानी करणारा म्हणून नोंदलेला टोर्नॅडो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यात झाला. सुमारे १३०० माणसे गेली. परंतु वर्दी देण्याचा इतिहास जेथे सलग पाहावयास मिळतो तो मुलूख अमेरिकेचा, म्हणून तेथेच राहू.

त्या काळी अमेरिकेत हवामानाचे काम लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होते. तेथे जॉन पार्क फिनले नावाचा एक तरुण सैनिक होता. १८७९ च्या मे महिन्यात कॅन्ससच्या परिसरात टोर्नॅडोंनी धुमाकूळ घातला, तेव्हा त्याला पाहणीसाठी धाडण्यात आले, आणि या विषयाने त्याला पछाडले. त्याने गावोगावचे स्वयंसेवक जमविले, त्यांच्याकडून पत्राने माहिती मागविली, आणि मार्च १८८४ पासून कोणत्या दिवशी कोणत्या भागात टोर्नॅडो संभवतो याचे प्रायोगिक अंदाज करावयास आरंभ केला. आपले अंदाज शेकडा ९६ हून अधिक बरोबर आले असे त्याने जाहीर केले. त्यावर एका चिकित्सकाने दाखवून दिले की, रोज डोळे मिटून "आज टोर्नॅडो नाही" असे म्हटले असते तर शेकडा ९८ बरोबर आले असते! टीका बिनतोड होती. परंतु रोज 'नाही' म्हणणाऱ्याच्या ९८ मार्कांनी एकही जीव वाचत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. हिशेब बरोबर असून उपयोग शून्य, असे अहवाल आम्हीही पुष्कळ वाचले आहेत.

पुढे वरिष्ठांनी फिनलेचे अंदाज थांबविले आणि शब्दावर बंदी घातली. कारण असे देण्यात आले की, टोर्नॅडोने जेवढे नुकसान होईल त्याहून अधिक नुकसान त्याच्या नुसत्या नावाने लोकांत उडणाऱ्या घबराटीने होईल. नव्या मुलखात जमिनी विकावयाच्या होत्या, शहरे वसवावयाची होती; तेथे 'वाऱ्याने घर उडते' ही जाहिरात कोणाला परवडणार, असाही आमचा एक संशय आहे. पण तो बाजूला ठेवला तरी 'लोक घाबरतील' हे कारण तपासण्यासारखे आहे. आम्ही तीस वर्षे कामगारांत वावरत आहो. एका रसायनाच्या कारखान्यात वायू गळत असता भोंगा का वाजविला नाही, असे विचारले तेव्हा व्यवस्थापकाने आम्हांस हेच उत्तर दिले होते. कारखान्याचे नाव येथे नको. धोका ठाऊक असलेला माणूस घाबरतो, आणि न ठाऊक असलेला मरतो. या दोहोंत पहिल्याची काळजी वाहणारे साहेब जगात सगळीकडे सारखेच भेटतात.

बंदीच्या काळात वारा थांबला नव्हता. २७ मे १८९६ रोजी सेंट लुइस शहर व लगतच्या भागात अडीचशेवर माणसे ठार झाली. मधल्या काळात, १८९१ मध्ये, हवामानखाते लष्कराकडून मुलकी खात्याकडे आले, पण शब्दाचे कुलूप उघडले नाही. मग उजाडला १८ मार्च १९२५.

त्या दुपारी मिसूरी राज्यात एक टोर्नॅडो जमिनीला टेकला आणि मिसूरी, इलिनॉय, इंडियाना अशी तीन राज्ये तुडवीत साडेतीन तास धावला. २१९ मैलांच्या वाटेत ६९५ माणसे गेली. अमेरिकेच्या इतिहासात एका टोर्नॅडोने इतके बळी कधी घेतले नाहीत. एकट्या मर्फिसबरो गावात २३४. डी सोटो गावातील शाळेत ३३ मुले. त्या दिवशीच्या अंदाजात टोर्नॅडो हा शब्द नव्हता. याहून चीड आणणारी गोष्ट अशी की, पहिल्या गावावरून तो गेल्यावरही पुढच्या गावांना वर्दी मिळाली नाही. तारा होत्या, टेलिफोन होते, आगगाडी होती. तुफानाच्या पुढे बातमी पाठविण्याची व्यवस्था तेवढी कोणी केलेली नव्हती.

याच वाटेवर इलिनॉयमध्ये वेस्ट फ्रँकफर्ट हे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. दुपारची वेळ, पुरुष पाचशे फूट खोल खाणीत कामावर होते. वर काय चालले आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. वीज गेली म्हणून ते वर आले, तो गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झालेला. गेलेल्यांत बायका आणि मुले अधिक होती. ज्या खाणीने त्या घरांतील कित्येक कर्त्या पुरुषांचे एरवी बळी घेतले असते, ती त्या दिवशी त्या गावातील सर्वांत सुरक्षित जागा ठरली. आणि जे घर सुरक्षित म्हणून बायकामुले मागे ठेवली, ते घरच त्यांच्यावर कोसळले. हा प्रसंग आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. घर म्हणजे आसरा, हे आपण गृहीत धरतो. लाकडी फळ्यांच्या घराला तुफानात आसरा म्हणावे की नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून उभा राहिला आहे.

शब्दाची कोंडी फुटली ती पुन्हा लष्करातच, आणि काहीशी योगायोगाने. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर टोर्नॅडो आदळला. उभी असलेली विमाने चुरडली. नुकसान सुमारे एक कोटी डॉलरांचे. अर्नेस्ट फॉबश आणि रॉबर्ट मिलर या दोघा हवामान-अधिकाऱ्यांना पूर्वसूचना का मिळाली नाही याचा शोध घेण्यास सांगण्यात आले. त्यांनी मागील टोर्नॅडोंच्या दिवसांचे नकाशे काढून ताडून पाहिले. पाच दिवसांनी, २५ मार्चला, सकाळचा नकाशा पाहतात तो जवळजवळ तेच चित्र! पाच दिवसांत एकाच जागी दोनदा टोर्नॅडो येणे किती दुर्मीळ, हे दोघांनाही ठाऊक होते. खोटे ठरलो तर नोकरीचे काय, हाही विचार मनात आला असणारच. तरीही दुपारी त्यांनी लेखी अंदाज दिला. विमाने आत घेतली गेली, माणसे सुरक्षित जागी हलविली गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास टोर्नॅडो खरोखर आला. पुन्हा लाखो डॉलरांचे नुकसान झाले, पण माणूस एकही गेला नाही.

मग लोक विचारू लागले की, विमानांना जी वर्दी मिळते ती आमच्या मुलाबाळांना का नाही? प्रश्न रोकडा होता. जुलै १९५० मध्ये हवामानखात्याचे प्रमुख फ्रान्सिस रायकेलडर्फर यांनी आपल्या कचेऱ्यांना कळविले की, टोर्नॅडोचा अंदाज सांगण्यास मनाई आहे असा समज होऊ देऊ नका. मार्च १९५२ मध्ये जनतेसाठी असे अंदाज निघू लागले.

त्यानंतरचे एक वर्ष मात्र कसोटीचे गेले. १९५३ च्या मे महिन्यात टेक्ससमधील वेको येथे ११४, ८ जूनला मिशिगनमधील फ्लिंट शहराला लागून ११६, आणि दुसऱ्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे ९४ माणसे गेली. फ्लिंट हे मोटारकामगारांचे गाव. १९३६-३७ साली कारखान्यात ठाण मांडून बसण्याचा त्यांचा संप कामगार चळवळीत मशहूर आहे. त्या गावाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार गाठून, हजारो स्वयंसेवकांच्या हातांनी, पडलेली घरे पुन्हा उभारली. आणि एक नोंद अशी की, फ्लिंटनंतर अठ्ठावन्न वर्षे अमेरिकेत एकाही टोर्नॅडोने शंभरावर बळी घेतले नाहीत. लोकसंख्या वाढली, शहरे फुगली, वारा तोच राहिला. फिनलेला गप्प बसविणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते द्यावे?

हे साधले कसे? रडार आले, हे तर झालेच. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातील एका टोर्नॅडोचा जन्मापासून अंतापर्यंतचा प्रवास डॉप्लर रडारने प्रथमच टिपला, त्या गावाचे नाव युनियन सिटी, ही गोष्ट आम्ही युनियनच्या कचेरीत मोठ्या चवीने सांगतो. पण रडारला ढगातील गरगर दिसते. सोंड जमिनीला टेकली की नाही हे पाहावयाला माणूसच लागतो. शेतकरी, पोलीस, हौशी बिनतारीवाले अशा हजारो लोकांना शिकवून पाहारेकरी केले आहे. फिनलेचीच पद्धत, फक्त पत्राऐवजी रेडिओ. युद्धकाळात विमानहल्ल्यासाठी उभारलेले भोंगे या कामास जुंपले गेले. आमच्या लहानपणी भोंगा म्हणजे गिरणीचा, कामावर हजर व्हा असे सांगणारा. तिकडचा भोंगा हातातले काम टाका म्हणतो. तो बाहेर असलेल्यांसाठी असतो. बंद घरात, झोपेत तो ऐकू येईलच असे नाही.

आणखी एक सुधारणा झाली ती निव्वळ भाषेची. ११ एप्रिल १९६५ रोजी, ख्रिस्ती लोकांच्या 'पाम संडे'च्या दिवशी, मध्य-पश्चिमेकडील राज्यांत टोर्नॅडोंची झुंड उठली; सुमारे २७० माणसे गेली. सूचना निघाल्या होत्या, पण त्यांचा नेमका अर्थ पुष्कळांना उमगला नाही. त्यानंतर दोन शब्द पक्के झाले. 'वॉच' म्हणजे आज लक्षण आहे, कान उघडे ठेवा, मुले कोठे आहेत ते पाहा. 'वॉर्निंग' म्हणजे दिसला आहे, आता बोलत बसू नका. एक सावध करणारा, दुसरा उठविणारा. आपल्याकडे 'इशारा' हा एकच शब्द दोन्ही कामे करतो.

वीज आणि तारा तुटल्या की बातमी मरते, आणि नेमकी त्याच घटकेला ती हवी असते. एप्रिल १९७४ मध्ये दोन दिवसांत १४८ टोर्नॅडो झाले, तीनशेवर माणसे गेली. त्यानंतर हवामानखात्याच्या स्वतंत्र रेडिओ-केंद्रांचे जाळे झपाट्याने वाढविण्यात आले. बॅटरीवर चालणारा, मध्यरात्री आपणहून ओरडून उठविणारा हा छोटा रेडिओ आजही तेथील जाणत्या घरांत असतो. हातात मोबाईल असता रेडिओ कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी श्रीवर्धनकरांना विचारावे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले. अंदाज चोख होता, हजारो लोक वेळेत हलविले गेले, त्यामुळे मनुष्यहानी थोडी झाली. पण पत्रे, कौले उडाली, नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि फोन मुके झाले. मुंबईतले मुलगे गावच्या म्हाताऱ्यांचा ठावठिकाणा दिवसेंदिवस शोधीत होते.

आता न्हाणीघराकडे येऊ. घरात कोठे दडावे याविषयी लोकांनी बरेच चुकीचे धडे गिरविले. तळघराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बसा, हा फार जुना सल्ला. वारा बहुधा तिकडून येतो, म्हणून ढिगारा पुढे फेकला जाईल असा तर्क. पाहणीत तो टिकला नाही. खिडक्या उघडा, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होऊन घर फुटणार नाही, हा दुसरा. त्याने वाऱ्याला आत यावयाचे दार मात्र मिळे, आणि उघडणाऱ्याला काचा लागत. तिसरा अलीकडचा: रस्त्यावरील पुलाखाली दडा. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात असे दडलेल्यांपैकी तिघे प्राणास मुकले. दैवी भरवसाही होताच. कॅन्ससमधील टोपीका शहराला आपल्या नैर्ऋत्येची टेकडी तुफानापासून राखते अशी तेथील लोकांची श्रद्धा होती. ८ जून १९६६ रोजी टोर्नॅडो त्याच टेकडीवरून उतरून शहराच्या मधोमध घुसला.

११ मे १९७० रोजी टेक्ससमधील लबक शहरात २६ माणसे गेली, तेव्हा तेथील विद्यापीठाच्या इंजिनियरांनी पडलेल्या घरांचा अभ्यास हाती घेतला. पुढे ठिकठिकाणच्या अशा पाहण्यांत दिसून आले की, छप्पर उडते, बाहेरच्या भिंती पडतात, पण घराच्या मध्यातली लहान खोली, मग ती न्हाणीघर असो, अडगळीची असो की कपड्यांची, पुष्कळदा उभी राहते. चार भिंती जवळजवळ असल्याने त्या एकमेकींना धरून ठेवतात. म्हणून तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या आतल्या खोलीत, अंगावर गादी वा जाड पांघरूण आणि डोक्याला शिरस्त्राण घेऊन बसावे. पायांत जोडे हवेत; नंतर चालावयाचे असते ते काचांवरून. आपल्या नातवंडांना विचारा, त्यांना शाळेत हे पाठ करून घेतलेले असते.

येथवर शब्दाचा विजय झाला. पुढची हकीकत इतकी सरळ नाही. २२ मे २०११ रोजी मिसूरीतील जॉप्लिन येथे १५० हून अधिक माणसे गेली. वर्दी वेळेवर होती, भोंगेही वाजले होते. सरकारी चौकशीत असे आढळले की, पहिल्या भोंग्याला पुष्कळ लोक हललेच नाहीत. आकाशात पाहून, टेलिव्हिजनवर पाहून खात्री करून घेण्यात वेळ गेला. त्यांना नावे ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यावे की, अशा चार वर्द्यांपैकी सुमारे तीन वेळा टोर्नॅडो येत नाही. आणि येतो तेव्हा हातात साधारण दहा मिनिटे असतात.

दहा मिनिटांत उठून जाता आले तर! १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकी राज्यातील मेफील्ड येथे मेणबत्त्यांच्या कारखान्यात शंभरावर कामगार पाळीवर होते. नाताळाच्या मालाची निकड होती. भोंगा पूर्वीच एकदा वाजून गेला होता. घरी जाऊ द्या म्हणून विनविले तेव्हा गेलात तर नोकरी जाईल असे सांगण्यात आले, असे कित्येक कामगारांनी नंतर सांगितले. कंपनीने ते नाकारले. कारखाना भुईसपाट झाला, नऊ जण गेले. त्याच रात्री इलिनॉयमध्ये एका प्रचंड गुदामात सहा जण गेले. या दोन्ही ठिकाणी शब्द पोहोचला होता. उठण्याची मुभा कोणाच्या हाती होती, हा आमच्या धंद्याचा प्रश्न झाला, आणि तो आम्ही विचारीतच राहणार.

घराचेही तेच आहे. अमेरिकेत ज्यांना पक्के घर परवडत नाही अशी लक्षावधी कुटुंबे कारखान्यात बनवून ओढून आणलेल्या हलक्या घरांत राहतात. 'मोबाईल होम' म्हणतात त्यांना. देशातील घरांत त्यांचा वाटा लहान, पण अलीकडच्या काळात टोर्नॅडोत घरात मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक या घरांत मेले आहेत. यांना आतली खोली कामाची नाही. सबंध घरच लोळत जाते. मिनेसोटा राज्याने कायदा करून, १९८८ पासून नव्याने परवाना मिळणाऱ्या, दहा किंवा अधिक अशा घरांच्या वस्तीत मालकाने तुफानघर बांधलेच पाहिजे असे ठरविले. बहुतेक राज्यांत असे बंधन नाही. तेथील शहाणी माणसे 'वॉच' निघाला की 'वॉर्निंग'ची वाट पाहत नाहीत. गाडीत पेट्रोल असते, मुलांचे जोडे दाराशी काढून ठेवलेले असतात, आणि जवळच्या पक्क्या इमारतीच्या तळघराची किल्ली कोणाकडे असते, हे त्यांनी ऊन असतानाच विचारून ठेवलेले असते.